मला खोटं पाडणारं कोपर

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे आणि माणसांना पुरती कंटाळले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी करवादले तर तुम्हाला नवल वाटायला नको. माझ्या वयाच्या वस्तू गोड बोलतात, जुन्या आठवणी काढून डोळे पुसतात. मला डोळेही नाहीत आणि तेवढा धीरही नाही.

मी साबणाच्या वडीएवढी आहे. रंग एके काळी पांढरा होता. मला इलास्टिकचा पट्टा आहे, तो माणसाच्या छातीभोवती बांधतात. माझ्यातून एक बारीक पारदर्शक नळी निघते. ती कानांवरून घेऊन नाकाखाली बसवायची. शिवाय एका वायरच्या टोकाला चिमटा आहे, तो बोटाला लावायचा. पेशंटने मला घरी न्यायचं, रात्री बांधून झोपायचं आणि सकाळी दवाखान्यात परत आणून द्यायचं. झोपेत माणसाचा श्वास थांबतो का, हे मी शोधते. कागदोपत्री माझं नाव लांबलचक आहे, पण दवाखान्यात सगळे मला नुसतं 'डबी' म्हणतात.

तुम्ही म्हणाल, श्वास झोपेत कसा थांबेल? थांबतो, बाळांनो. झोप लागली की गळ्यातले मऊ भाग सैल पडतात. काही माणसांच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की वाट बंद होते. छाती बिचारी वरखाली होत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो. मग मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, माणूस घशातून मोठा आवाज काढून हवा ओढतो आणि पुन्हा झोपतो. थोड्या वेळाने परत तेच. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. तो म्हणतो, "मस्त झोप झाली," आणि दुपारी जेवणाच्या ताटावर पेंगतो. अशा माणसाला काही समजावून सांगायला जा, उलट तोच तुम्हाला वेड्यात काढेल.

माझी तीन अंगं आहेत आणि त्यांचं आपापसात कधी पटत नाही. नळीला नाकातली हवा लगेच कळते. श्वास थांबला रे थांबला की ती ओरडते, "थांबला!" पट्टा म्हणतो, "काहीतरी काय, छाती तर हलते आहे." आणि चिमटा? त्याचा सगळाच कारभार उशिराचा. त्याच्या दिव्याचा उजेड बोटातून आरपार जातो. ऑक्सिजन भरलेलं रक्त लालभडक असतं, कमी असलेलं काळपट, त्यावरून त्याला कळतं. पण फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत यायला वेळ लागतो ना! तोवर चिमटा आपला निवांत, "सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे." माणसाने पुन्हा श्वास घेतला, नळी शांत झाली, की हा जागा होऊन बोंबलतो, "ऑक्सिजन उतरला हो!" दर रात्री या तिघांची भांडणं ऐकायची आणि सगळं नीट लिहून ठेवायचं, हा माझा जन्म.

माझा जन्म झाला तो एका स्वच्छ, गार खोलीत. पांढरे डगले घातलेल्या बायका लांबलचक टेबलाशी बसून माझ्यासारख्या डब्या जुळवायच्या. तिथे मला पहिल्यांदा श्वास मोजायला शिकवलं ते एका रबरी फुग्यावर. त्याला पंप जोडला होता. पंप फुगा फुगवायचा, सोडायचा, मध्येच मुद्दाम थांबवायचा. मी बरोबर ओळखलं की हिरवा दिवा लागायचा. तो फुगा म्हणजे मला आजवर भेटलेला सर्वांत शहाणा पेशंट. त्याने कधी पट्टा सोडला नाही, उत्तरं दिली नाहीत आणि मला गादीखाली चेंगरलं नाही.

मग मी दवाखान्यात आले आणि माझ्या नाकी नऊ आले.

दवाखाना लहानसा आहे. बाहेर भिंतीला लागून खुर्च्या, एक काउंटर, आत डॉक्टरांची खोली. काउंटरमागे तंत्रज्ञ ताई बसतात. मला पेशंटला समजावून देणं, परत आल्यावर पुसणं, संगणकाला जोडून माझ्याकडचं सगळं उतरवून घेणं, ही कामं त्यांची. ताई चांगल्या आहेत. समजावतात तर इतकं नीट की भिंतीलासुद्धा कळावं. पण भिंतीला कळून काय उपयोग?

एक गृहस्थ मला स्वेटरवर बांधून झोपले, का तर माझा पट्टा गार लागतो. एका बाईंनी नखांना गडद रंग लावून त्यावर चिमटा लावला. चिमट्याचा उजेड पलीकडे जाईना आणि तो रात्रभर आंधळ्यासारखा चाचपडत राहिला. एका काकांना वाटलं, इतकी महाग वस्तू, अंगाखाली फुटेल. त्यांनी मला खुंटीला टांगलं. मी रात्रभर शर्टाशेजारी लोंबकळत होते. सकाळी ताईंनी मला संगणकाला जोडलं आणि कपाळाला हात लावला. काकांचं म्हणणं एकच, "पण मी जपून वापरली ना?" काय बोलणार, सांगा! आणखी एका पठ्ठ्याने घरी चिमटा मांजराच्या शेपटीला लावून बघितला. मांजराने माझा काय उद्धार केला तो मी इथे सांगत नाही.

तरी कौतुकाचे दिवसही होते, नाही असं नाही. शिंप्याचं काम करणाऱ्या एका पेशंटला माझ्यामुळे वेळेत उपचार मिळाले. तो मुद्दाम येऊन माझ्या पट्ट्याची उसवलेली शिवण घालून गेला. ती शिवण अजून पक्की आहे. पण असं कोणी विरळाच. बाकीचे मला परत देताना असे देतात, जणू मी त्यांच्या घरी चोरी करायला गेले होते.

आता बसकाकांचं ऐका. तेवढ्यासाठीच तर मी बोलायला बसले आहे.

बसकाका म्हणजे शाळेची बस चालवणारे. तुमच्यासारखीच मुलं त्यांच्या बसमध्ये बसायची, म्हणून सगळे त्यांना बसकाका म्हणत. अंगाने भरलेले, मान आखूड, आवाज मोठा, स्वभाव मायाळू. कोणाच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली तर बस थांबवून बांधणारे. पण अलीकडे त्यांच्या बसमध्ये वेगळंच चाललं होतं. सिग्नल हिरवा व्हायचा आणि बस जागची हलायची नाही. मागून मुलं ओरडायची, "काका, हिरवा झाला!" मुलांना ती गंमत वाटायची. मग एक दिवस वळणावर बसचं पुढचं चाक पदपथावर चढलं. कोणाला लागलं नाही. दोघांचे डबे सांडले आणि एक लहानगी घाबरून रडली, एवढंच. पण शाळेने सांगितलं, आधी तपासून घ्या, डॉक्टरांचा कागद आणा, मगच स्टिअरिंगला हात लावा.

बसकाका दवाखान्यात आले ते फुरंगटूनच. सोबत त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू. बारीक अंगाच्या, डोळ्यांखाली काळं, आणि हातात सतत काहीतरी. कधी पर्सचा बंद, कधी पदराचं टोक.

"ऊन आलं हो डोळ्यांवर," बसकाका ताईंना सांगत होते. "त्यात एवढं काय? आणि माझी झोप होत नाही ती हिच्यामुळे. रात्रभर नुसती वळवळते. मध्येच हात मारते, मध्येच पाय मारते. सांगून सांगून थकलो."

"मी कुठे वळवळते?" काकू म्हणाल्या.

"मग काय मी स्वतःला मारतो?"

ताईंनी हसून मला पुढे केलं. पट्टा कसा बांधायचा, नळी कशी बसवायची, चिमटा कोणत्या बोटाला लावायचा, सगळं दाखवलं. शेवटी म्हणाल्या, "आणि एक लक्षात ठेवा. वेगळं काही करू नका. रोज झोपता तसंच झोपा. रोजच्याच जागी, रोजच्यासारखं."

काकूंनी मान डोलावली. मित्रांनो, त्या बाईंनी ही सूचना इतकी तंतोतंत पाळली की माझी सगळी विद्या पाण्यात गेली.

त्यांच्या घरी गेल्यावर मी खूश झाले होते. पट्टा बनियनवर नीट बांधला, नळी सरळ, चिमटा स्वच्छ नखाला. असा पेशंट मिळायला भाग्य लागतं. बसकाका झोपले आणि लगेच घोरू लागले. मी सरसावून बसले. थोड्या वेळाने घोरणं एकदम बंद झालं. नळी ओरडली, "थांबला!" मी मोजायला लागले.

आता एक नियम सांगते. श्वास दहा सेकंद तरी थांबला पाहिजे, तरच तो थांबला असं धरायचं. त्याहून कमी असेल तर सोडून द्यायचं. हा नियम मी केलेला नाही. शहाण्या माणसांनी विचार करून केला आहे आणि तो चांगलाच आहे. तर मी मोजते आहे, चार, पाच, सहा... आणि धप्प! बरगडीत कोपर. बसकाकांनी "हं?" केलं, हवा ओढली, कूस बदलली आणि पुन्हा घोरू लागले.

मला वाटलं, चुकून लागलं असेल. पुन्हा श्वास थांबला. पुन्हा मी मोजते, पाच, सहा, आणि धप्प! अहो, दरवेळी तेच! मी मोजायला घ्यावं आणि काकूंच्या कोपराने माझी मोजणी मोडावी. चिमट्याला तर पत्ताच लागला नाही. ऑक्सिजन उतरायच्या आधीच श्वास परत यायचा, त्यामुळे त्याचं आपलं चालू, "सगळं ठीक आहे." मी चिडून लाल झाले असते, पण माझ्याकडे दिवा आहे तो फक्त हिरवा.

सकाळी ताईंनी मला संगणकाला जोडलं. संगणक म्हणजे नियमाचा बंदा. त्याने दहा सेकंदांहून लांब थांबे मोजले, ते हाताच्या बोटांवर मावतील एवढेच निघाले. ऑक्सिजन उत्तम. निकाल छापून आला: किरकोळ त्रास, चिंतेचं कारण नाही.

डोंबलाचं चिंतेचं कारण नाही! मी त्या माणसाच्या छातीवर रात्रभर बसले होते. मला माहीत होतं की कोपर नसतं तर काय झालं असतं. पण मला तोंड कुठे आहे? डॉक्टरांनी त्या कागदावर सही केली की बसकाका दुसऱ्या दिवशी मुलांना बसमध्ये घेऊन रस्त्यावर उतरणार होते. पुढच्या वेळी चाक पदपथावर चढेल की आणखी कुठे, कोण सांगणार?

संध्याकाळी दोघं निकाल न्यायला आली. डॉक्टर आत दुसऱ्या पेशंटबरोबर होते. बसकाकांचा कागद काउंटरवर सहीसाठी ठेवलेला आणि त्यावर वजन म्हणून मला ठेवलेलं. बघा, याला म्हणतात दैव.

"चांगलं आहे का हो सगळं?" काकूंनी विचारलं.

"डॉक्टर सांगतील, पण काळजी करण्यासारखं दिसत नाही," ताई म्हणाल्या.

बसकाका खूश झाले. "मी म्हणतच होतो," असं म्हणून खुर्चीत ऐसपैस बसले, हात पोटावर ठेवले आणि बघता बघता पेंगले. दिवसाढवळ्या, ट्यूबलाइटखाली. काकू शेजारच्या खुर्चीत. त्या ताईंशी बोलू लागल्या. घरातला नळ गळतो, प्लंबर येतो म्हणतो आणि येत नाही, असलं काहीतरी. बसकाका घोरू लागले. मग घोरणं थांबलं.

"...आणि आला तरी वॉशर आणायला विसरतो," काकू सांगत होत्या. सांगता सांगता, तिकडे न बघता, त्यांचं कोपर बाजूला गेलं आणि बसकाकांच्या बरगडीत बसलं. धप्प. बसकाकांनी "हं?" केलं, हवा ओढली. काकूंचं वाक्यसुद्धा तुटलं नाही. "...मग परत जातो वॉशर आणायला, तो गेलाच."

ताई बघतच राहिल्या. "काकू, तुम्ही आत्ता काय केलंत?"

"काय केलं?"

"कोपर मारलंत त्यांना."

"कोणी? मी?" काकूंनी आपल्या हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. "छे हो!"

अहो तेच! तेच! मी रात्रभर हेच तर ओरडत होते!

ताईंनी मला उचललं, कागद बाजूला केला आणि संगणकाकडे वळल्या. संगणकाने मोजलेले आकडे त्यांनी बघितलेच नाहीत. माझ्या रेषा उघडल्या, माझ्या खऱ्या रेषा, आणि एकेक करून बघू लागल्या. श्वास बंद, धक्का, श्वास सुरू. श्वास बंद, धक्का, श्वास सुरू. पान संपेना. त्या उठल्या आणि पेशंट बाहेर पडताच डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या.

डॉक्टर सगळं बघून बाहेर आले आणि काकूंसमोरच खुर्ची ओढून बसले. "हा निकाल यांचा नाही," ते म्हणाले. "हा तुम्हा दोघांचा आहे. काकू, हे कधीपासून करता?"

"मी मुद्दाम नाही करत," काकू एकदम घाबरल्या. "पूर्वी करायचे. लेक लहान होती तेव्हा एकदा रात्री जाग आली, बघते तर यांचा श्वास बंद. मला वाटलं, संपलं सगळं. हलवलं तर उठले आणि माझ्यावरच खेकसले. तेव्हापासून लक्ष ठेवते. मनात मोजायचे आणि नाही आला श्वास तर ढकलायचे. आता मोजायची गरज पडत नाही. हात आपोआप जातो."

"तुम्ही शेवटचं रात्रभर कधी झोपलात?"

काकूंनी खूप विचार केला. "पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा. भूल दिली होती ना."

बसकाका आता पूर्ण जागे झाले होते. "म्हणजे मी इतकी वर्षं रात्रभर मार खातो आहे?" ते मोठ्याने म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी कळलं असावं. ते बुटांकडे बघत बसले.

डॉक्टरांनी सही केली नाही. सांगितलं, तपासणी पुन्हा करायची, आणि या वेळी काकूंनी दुसऱ्या खोलीत झोपायचं, मध्ये दार लावून. तोवर बस चालवायची नाही.

आणि काकू चक्क नाही म्हणाल्या. इतका वेळ दबून बोलणारी बाई उभी राहिली. "मी नाही जायची दुसऱ्या खोलीत. मी हात काढला आणि श्वास आलाच नाही परत तर? तुमची ही डबी काय करणार? मोजत बसणार?"

मित्रांनो, मी आयुष्यभर माणसांवर वैतागले, पण या बाईंवर वैतागता येईना. खरंच होतं ते. मी फक्त मोजते. मला हात नाही.

"मला भीती वाटते, बस्स," काकू म्हणाल्या आणि त्यांनी रडू आवरलं नाही. "तुम्ही म्हणाल वेडी आहे. पण मला भीती वाटते."

"वेड्या कशाने?" डॉक्टर शांतपणे म्हणाले. "पण ऐका. तुम्ही नसता तेव्हाही त्यांचा मेंदू त्यांना उठवतो. तुम्ही बाजारात जाता, हे दुपारी झोपतात, उठतात ना? धोका आहे तो रोज असं होत राहण्याचा. हृदयावर ताण येतो, दिवसा डोळा लागतो. तुम्ही किती ढकलाल आणि किती वर्षं? आणि बसमध्ये कोण ढकलणार? माझ्या हातात खरा निकाल आला तरच मला उपचार करता येतील."

काकू तरी ऐकेनात. शेवटी बसकाका म्हणाले, "पोरगी बसेल माझ्याजवळ. ती जागी राहील. फारच झालं तर ती उठवेल. मग तर झालं?"

त्यांची लेक कुरिअरच्या गोदामात काम करते. तिने रजा टाकली. आईला तिने दुसऱ्या खोलीत नेलं, दार ओढून घेतलं आणि वडिलांच्या पलंगाशेजारी खुर्ची लावून बसली. तिला ताईंनी बजावलं होतं, हात लावायचा नाही. अगदीच राहवलं नाही तरच.

बसकाका झोपले. श्वास थांबला. मी मोजू लागले. पाच, सहा, सात... कोपर आलं नाही. दहा झाले. आणि मग मी मोजतच गेले. नळी ओरडून ओरडून थकली. पट्ट्याने कधी नव्हे ते कबूल केलं की छाती हलते आहे पण आत काही जात नाही. मग चिमटा जागा झाला आणि तोही पहिल्यांदाच घाबरला. मुलगी खुर्चीतून उठली. तिचा हात पुढे आला आणि तसाच थांबला. "बाबा," ती हळूच म्हणाली. "बाबा, घ्या ना श्वास." तेवढ्यात बसकाकांच्या घशातून मोठा आवाज आला, अंग हललं आणि हवा आत गेली. मुलगी पुन्हा खुर्चीत बसली.

मग ते पुन्हा झालं, पुन्हा झालं आणि होतच राहिलं. मी सगळं लिहून घेतलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं नीट आणि इतकं नकोसं काम केलेलं नाही.

सकाळी मुलीने दार उघडलं तर काकू पलीकडे जमिनीवरच बसलेल्या, पाठ दाराला लावलेली. तिथल्या पलंगावरच्या चादरीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"किती वेळा गं?" त्यांनी विचारलं.

"नाही मोजता आलं, आई," मुलगी म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. "तू रोज हे ऐकतेस?"

काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बसकाका पट्टा सोडता सोडता तसेच थांबले होते. त्यांना आदल्या रात्रीतलं काहीच आठवत नव्हतं, पण दोघींची तोंडं बघून त्यांनी काही विचारलं नाही.

निकाल आला तो गंभीर. मला आनंद झाला असं म्हणवत नाही, पण निदान मी खोटी ठरले नाही. डॉक्टरांनी बसकाकांना झोपताना लावायचं दुसरं एक यंत्र दिलं. ते मास्कमधून हवेचा हलका दाब देतं, म्हणजे गळ्याची वाट मिटत नाही. मग सुरू झाला नवा वैताग. "हत्तीची सोंड लावून कोण झोपणार?" म्हणून बसकाकांनी पहिल्याच रात्री ते काढून फेकलं. दुसऱ्या दिवशी मास्क नाकाला टोचतो. तिसऱ्या दिवशी कान गार पडतात. कान! मास्कचा आणि कानांचा काय संबंध, देव जाणे. ताईंनी दोनदा मास्क बदलून दिला, पट्टे सैल केले, फोनवर पुन्हा पुन्हा तेच समजावलं. बस लावायच्या जागी बसकाका रोज सकाळी जाऊन उभे राहायचे. तिथे बदली चालक मुलांना घेऊन जायचा आणि मुलं खिडकीतून हात करायची. बहुधा त्या हातांनीच काम केलं. एका रात्री त्यांनी मास्क काढला नाही, आणि मग कधीच काढला नाही.

मग मला शेवटचं त्यांच्या घरी पाठवलं, मास्क लावून श्वास नीट चालतो का बघायला. मास्कमुळे नळीला सुट्टी होती. पट्टा आणि चिमटा, दोघंच कामावर. काकू आपल्या जागी, शेजारी परत आल्या होत्या. बसकाका झोपले. छाती वर, छाती खाली. छाती वर, छाती खाली. माझा तो फुगा तरी मध्येच थांबायचा, इथे तेही नाही. चिमटा म्हणाला, "सगळं ठीक आहे," आणि या वेळी ते खरं होतं.

आणि तरी, धप्प! बरगडीत कोपर!

अहो, श्वास चालू आहे त्यांचा! मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं. आता घोरणं ऐकू येईना ना, म्हणून त्या शांततेलाच काकू घाबरल्या होत्या. बसकाका जागे झाले. मला वाटलं, आता खेकसणार. पण त्यांनी अंधारात काकूंचा हात शोधला, तो आपल्या छातीवर, माझ्या अगदी शेजारी ठेवला आणि मास्कच्या आतून म्हणाले, "अगं, चालू आहे माझा श्वास. बघ. झोप तू आता."

काकूंचा हात बराच वेळ तिथे होता. छाती वर, हात वर. छाती खाली, हात खाली. हळूहळू तो हात जड झाला आणि ओघळून गादीवर पडला. त्यानंतर सकाळपर्यंत माझ्या रेषांमध्ये एकही धक्का नाही.

दुसऱ्या दिवशी मला परत द्यायला बसकाका एकटेच आले. ताईंनी विचारलं, "काकू नाही आल्या? बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे," बसकाका म्हणाले. "झोपली आहे. नाही उठवलं." मग काउंटरवर हात टेकून म्हणाले, "निघण्याआधी बसलो होतो तिच्याजवळ. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी तिला झोपलेलं कधी बघितलंच नव्हतं हो. मला वाटायचं, ती माझ्याआधी उठते, एवढंच."

ताईंनी कापूस घेऊन मला पुसायला सुरुवात केली.

बसकाका आता पुन्हा बस चालवतात. माझा पट्टा मात्र सैल पडला आहे आणि दवाखान्यात अंगठीएवढी नवी यंत्रं आली आहेत. मला खणात टाकलं आहे, तेही बॅटऱ्या न काढता. बॅटऱ्या गळतात हो! निदान तेवढ्या काढून ठेवा म्हणावं कोणीतरी.

पण माझं जाऊ द्या. मित्रांनो, तुमच्या घरात कोणी मोठ्याने घोरत असेल आणि मध्येच गप्प होत असेल, तर त्याला हसू नका, त्याला तपासायला न्या. आणि जाताना त्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला आधी जवळ घेऊन विचारा, तुला झोप लागते का गं? इतकी वर्षं त्या बाईंना हे कोणीही विचारलं नव्हतं.